गाडी ठरवण्याआधी खुर्ची मोजा

पत्राचा गोषवारा: कांदिवली पूर्वेला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं हे पत्र आहे. वय 36. चार वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला इजा झाली. कमरेखाली ताकद नाही, संवेदनाही नाही. हात मात्र पूर्ण चांगले आहेत. अंधेरी पूर्वेला एका विमा कंपनीत त्या काम करतात आणि आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. रिक्षात घडीची खुर्ची मागे कशीबशी कोंबावी लागते, टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, अ‍ॅपवरून मागवलेले चालक खुर्ची पाहिली की ट्रिप रद्द करतात. म्हणून आता स्वतः चालवायची गाडी घ्यायचं त्यांनी ठरवलं आहे. भाऊ म्हणतो, मोठी एसयूव्ही घे, सुरक्षित असते. वडील म्हणतात, ड्रायव्हर ठेवू. शेजारचे काका म्हणतात, स्कूटरला मागे दोन चाकं लावून घे, स्वस्तात काम होईल. शोरूममध्ये सांगितलं गेलं, अपंगांची सवलत ज्या गाडीवर बसते तीच घ्या. ताई विचारतात: "नेमकी कोणती गाडी घेऊ? कुणाच्याही मदतीशिवाय मला घरातून निघून ऑफिसात पोचता आलं पाहिजे. तेवढं जमणार नसेल तर इतके पैसे घालून उपयोग काय? घरच्यांवर आधीच खूप भार टाकला आहे."

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात गाड्यांची नावं भरपूर आहेत, खुर्चीबद्दल मात्र एकच शब्द आहे: 'घडीची'. तिचं वजन किती, चाकं बटण दाबून निघतात का, गादीसकट बसायची उंची किती, यातलं काहीच नाही. गाडी ठरत नाही त्याचं कारण मला तिथंच दिसतं. मी स्वतः खुर्ची वापरते आणि हातांनी गाडी चालवते, म्हणून हे ठामपणे सांगते: आपल्यासारख्यांनी गाडी निवडायची ती खुर्चीवरून गाडीत जाणं आणि मग खुर्ची आत घेणं, या दोन गोष्टींवरून. मायलेज, रंग, स्क्रीनचा आकार हे सगळं त्यानंतर.

पाय न वापरता गाडी चालवायची कशी, हा भाग घरच्यांना सगळ्यात अवघड वाटतो, पण तोच सगळ्यात लवकर सुटतो. ऑटोमॅटिक गाडीला हँड कंट्रोल बसवतात. स्टिअरिंगखाली एक लिव्हर येतो, तो रॉडनं ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेला असतो. बहुतेक किटमध्ये लिव्हर पुढे ढकलला की ब्रेक लागतो, आपल्याकडे ओढला किंवा खाली दाबला की गाडी वेग घेते. दुसरा हात स्टिअरिंगवर राहतो आणि एका हातानं ते पटकन फिरावं म्हणून त्यावर नॉब लावतात. मूळ पेडल जागच्या जागी राहतात, त्यामुळे तीच गाडी भाऊ किंवा वडील नेहमीसारखी चालवू शकतात. तुमच्या पायांना मधूनच झटके येत असतील तर पेडल गार्ड लावून घ्याच. नाहीतर झटक्यानं पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडू शकतो, आणि संवेदना नसल्यामुळे तो तिथं गेल्याचं तुम्हाला कळणारही नाही. (ज्या वाचकांचा फक्त उजवा पाय कमजोर आहे, त्यांना एवढ्या सगळ्याची गरज नसते. डाव्या पायाकडे अ‍ॅक्सिलरेटर आणून देणारं साधं पेडल मिळतं. ज्यांच्या हातांतही ताकद कमी आहे त्यांनी मात्र किट पाहण्याआधी पुनर्वसन तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. मुंबईत त्यासाठी हाजी अलीची एआयआयपीएमआर ही सरकारी पुनर्वसन संस्था आहे.)

आता खरी अडचण. गाडीच्या उजव्या दाराशी तुम्ही खुर्ची लावली आहे असं समजा. अंग उचलून सीटवर जायचं. पाय आत घ्यायचे. मग बाहेर राहिलेली खुर्ची आत घ्यायची, दार ओढायचं. ऑफिसला पोचल्यावर हेच सगळं उलट्या क्रमानं. घरी परतताना पुन्हा दोनदा. गाडी चांगली की वाईट ते इथं कळतं, हायवेवर नाही.

टेप घेऊन आधी तुमच्या खुर्चीची उंची मोजा, गादी घालून आणि तुम्ही बसल्यावर गादी जेवढी दबते तेवढी धरून. ती साधारण 19 ते 21 इंचांच्या आसपास येईल. मग प्रत्येक गाडीच्या चालकाच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजा. दोन्ही जितक्या जवळ, तितके तुमचे खांदे वाचतील. भावाच्या एसयूव्हीत तुम्हाला दर वेळी स्वतःचं सगळं वजन कित्येक इंच वर चढवायचं आहे. आज हात मजबूत आहेत म्हणून जमेलही, पण खुर्ची वापरणाऱ्यांचे खांदे लवकर झिजतात, आणि तुम्हाला ते अजून बरीच वर्षं पुरवायचे आहेत. सेडानचं उलट आहे: आत जाताना घसरत जाता येतं, बाहेर येताना खड्ड्यातून वर यावं लागतं. म्हणूनच उंच बांध्याच्या छोट्या गाड्या, वॅगनआरसारख्या, खुर्चीवाल्यांमध्ये इतक्या दिसतात. टाटाच्या पंच आणि अल्ट्रोझची दारं जवळपास काटकोनात उघडतात, हाही मोठा फायदा आहे. मात्र पंचची सीट वॅगनआरपेक्षा तुम्हाला उंच वाटते का, हे स्वतः बसूनच ठरवा. एमजी कॉमेटला दोनच दारं आहेत आणि ती लांब आहेत, त्यामुळे खुर्चीला जागा ऐसपैस मिळते. पण तेवढं लांब दार पूर्ण उघडायला शेजारी मोकळी जागाही तेवढीच लागते. कॉमेट कागदावर आवडली तरी तुमच्या पार्किंगमध्ये उघडेल का, हे आधी पाहा.

उंचीखेरीज आणखी काही गोष्टी हातानंच तपासायच्या. दाराच्या चौकटीपासून सीट किती आत आहे? अंतर जास्त असेल तर ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे खुर्ची आणि सीटच्या मधे टाकून त्यावरून सरकायची फळी, लागेल. सीटच्या कडा फुगीर आहेत का? वळणावर अंग घट्ट धरून ठेवणाऱ्या त्या कडा आपल्याला अंग सरकवताना नडतात. उतारावर गाडी उभी असताना दार अर्ध्यात थांबतं की अंगावर येतं? सीट मागे सरकवली तर स्टिअरिंग आणि छाती यांच्यात किती अंतर राहतं?

हे शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण खुर्ची त्याच फटीतून आत जाणार आहे. तुमच्याकडची घडीची खुर्ची नेहमीच्या लोखंडी बांध्याची असेल तर तिचं वजन 16 ते 20 किलोंच्या घरात असणार. ती दुसऱ्या कुणी उचलून डिकीत ठेवण्यासाठी ठीक आहे. ड्रायव्हिंग सीटवर बसून, बाहेर वाकून, एका हातानं ती उचलणं रोजच्या रोज जमणारी गोष्ट नाही. ज्यांना एकट्यानं जायचं असतं ते घडी न होणारी, हलकी, चाकं झटकन निघणारी खुर्ची घेतात. आधी दोन्ही चाकं काढून मागच्या सीटवर किंवा शेजारी टाकायची, मग सीट थोडी मागे रेलून सांगाडा पोटावरून, स्टिअरिंगच्या अलीकडून, डावीकडच्या सीटवर न्यायचा. सराव झाला की हे काही मिनिटांत होतं. अशा खुर्च्या आता भारतातही बनतात. आयआयटी मद्रासच्या कामातून निओफ्लाय आली आणि 2025 मध्ये तिथूनच साधारण 9 किलो वजनाची वायडी वन आली. खुर्ची नेहमी तुमच्या मापाचीच घ्या. ती अंगाला सैल असेल तर गाडीच्या फटीतही अडकते.

म्हणून माझं स्पष्ट मत: गाडीच्या बजेटमधून काही रक्कम काढून आधी खुर्ची बदला. गाडीची वरची व्हेरिएंट सोडावी लागली तरी चालेल. जुनी खुर्ची मोजून गाडी घेतली आणि वर्षभरानं खुर्ची बदलली, तर सगळी मापं बदलतील.

आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, म्हणजे डाव्या कडेला गाडी लावली की तुमचं दार रहदारीकडे उघडतं. मागून येणारा दुचाकीवाला उघड्या दाराची आणि खुर्चीची वाट पाहत थांबत नाही. रस्त्याच्या कडेला उतरणं हा तुमचा नेहमीचा मार्ग होता कामा नये. काही जण फुटपाथच्या बाजूनं, डाव्या दारातून चढतात आणि आतल्या आत सरकत उजव्या सीटवर येतात. ज्या गाडीत दोन सीटच्या मधे उंच कन्सोल किंवा हँडब्रेक नाही, तिथंच हे शक्य आहे. तुमचे हात चांगले आहेत, तेव्हा शोरूममध्ये हेही एकदा करून पाहा. शोरूममधली फिरती सीट पाहून हुरळून जाऊ नका. ती बहुधा शेजारच्या बाजूला बसवलेली असते, म्हणजे तुम्हाला कुणीतरी नेणार आहे असं धरून.

गिअरबद्दल थोडं. छोट्या गाड्यांत एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्रानं आपोआप बदलणारी पद्धत, सगळ्यात स्वस्त. पण बऱ्याच एएमटी गाड्यांत 'पी' (चाकं जखडणारा पार्किंगचा गिअर) नसतं, उभी गाडी हँडब्रेकवरच राहते. किटचा लिव्हर डाव्या हाताकडे असेल आणि हँडब्रेकही डावीकडेच, तर चढावावर ब्रेक सोडून हँडब्रेक ओढण्याच्या मधल्या क्षणात गाडी मागे येऊ शकते. त्यामुळे एएमटी घेणार असाल तर हिल होल्ड (चढावावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) आहे याची खात्री करा आणि किटच्या लिव्हरवर ब्रेक दाबलेलाच ठेवणारा ब्रेक लॉक मागा. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गाड्या पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या सरकत्या ट्रॅफिकमध्ये हाताला जास्त सौम्य वाटतात. इलेक्ट्रिक गाडीत क्लच आणि गिअर बदलण्याचा प्रश्नच नाही, शिवाय बटणाचा हँडब्रेक असलेली मिळाली तर उत्तम. पण चार्जरची केबल खुर्चीवरून हाताला येते का, सोसायटी तुमच्या जागेवर पॉइंट देते का, ही दोन उत्तरं आधी मिळवा. गुडघ्याशी एअरबॅग असलेली गाडी मात्र टाळा, लिव्हर नेमका तिथंच येतो.

मुंबईत गाडी घ्यायची म्हटली की पहिला सल्ला मिळतो, सीएनजी घे. टॅक्सीच्या डिकीत तुमची खुर्ची मावत नाही, तीच टाकी तुमच्याही डिकीत येईल, आणि सीएनजीच्या बहुतेक गाड्या मॅन्युअलच आहेत. टाटानं दोन लहान टाक्या खाली बसवून डिकी मोकळी ठेवली आहे आणि टियागोमध्ये सीएनजीबरोबर एएमटीही दिली आहे. सीएनजीचा हट्टच असेल तर तिथून सुरुवात करा.

आता पार्किंग. माझ्या मते तुमची गाडी कोणती हे शेवटी तुमची सोसायटी ठरवणार आहे. शासनाच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये खुर्ची वापरणाऱ्यासाठी पार्किंगची जागा किमान 3.6 मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत असावी असं सांगितलं आहे. कांदिवलीतल्या स्टिल्टखालच्या जागा खांबांच्या मधे चेपलेल्या असतात. समितीसमोर 3.6 मीटर मागितले तर पहिलं उत्तर नकाराचं येईल. त्याऐवजी रांगेच्या टोकाची, जाण्यायेण्याच्या वाटेला लागून असलेली जागा मागा. टोकाच्या जागेला एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला वाट असते. भिंत डावीकडे येत असेल तर गाडी पुढून आत घाला, उजवीकडे येत असेल तर रिव्हर्समध्ये घाला. दोन्ही प्रकारे तुमचं दार वाटेकडे उघडतं. यासाठी कुणाची जागा मोठी करावी लागत नाही, फक्त अदलाबदल लागते. अर्ज लेखी द्या, सोबत यूडीआयडी कार्डची (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा, आणि सर्वसाधारण सभेपर्यंत थांबू नका. एकावर एक गाडी चढवणारी यांत्रिक जागा पदरात आली तर ती स्पष्टपणे नाकारा, कारण गाडी वर जाण्याआधी चालकाला उतरावं लागतं आणि अशा जागी खुर्ची लावायला बाजूला काहीच उरत नाही. तुमची इमारत पुनर्विकासात जात असेल तर ही मागणी आराखडा मंजूर होण्याआधी नोंदवा. समजावूनही काम झालं नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. पण मी तो मार्ग शेवटी ठेवीन. शेजाऱ्यांना एकदा खाली बोलावून, दार उघडून, खुर्ची लावून दाखवलं की अर्जापेक्षा लवकर समजतं.

ऑफिसच्या इमारतीतही हेच करायचं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. तुमच्या एचआरला ते धोरण मागा आणि त्यात तुमच्या पार्किंगच्या जागेचा उल्लेख करून घ्या.

इथं मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबायचं आहे. 'कुणाच्याही मदतीशिवाय जमणार नसेल तर उपयोग काय?' ताई, ही अट तुमच्यावर कुणी घातली? आज तुम्ही दारापासून दारापर्यंत दुसऱ्यांच्या मर्जीवर आहात: रिक्षावाला थांबेल का, अ‍ॅपवाला रद्द करेल का, भाऊ मोकळा आहे का. उद्या गाडी तुम्ही चालवलीत आणि ऑफिसच्या गेटवर वॉचमननं खुर्ची डिकीतून काढून दिली, तर तुम्ही कधी निघायचं, कोणत्या रस्त्यानं जायचं, वाटेत कुठं थांबायचं, हे सगळं तुमच्या हातात आलेलं असेल. दोन मिनिटांची मदत घेऊन सगळा दिवस स्वतःच्या हाती येत असेल, तर तो फार मोठा बदल आहे. सुरुवातीचे काही महिने दोन्ही टोकांना कुणीतरी असू द्या, एकटीनं खुर्ची आत घेण्याचा सराव रविवारी घरच्या पार्किंगमध्ये करा. जमलं की मदत आपोआप कमी होईल. नाही जमलं, तरी गाडी वाया गेलेली नसेल.

आणि भाराबद्दल. तुमच्या भावानं एसयूव्ही सुचवली, वडिलांनी ड्रायव्हरचा पगार द्यायची तयारी दाखवली. त्यांना ओझं वाटतंय असं मला तुमच्या पत्रातून दिसलं नाही. मला त्यांची भीती दिसली. तुमचा अपघात त्यांनीही पाहिला आहे. मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हे त्या भीतीचं उत्तर आहे. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा भावाला मोजमापं घ्यायला बरोबर न्या. तुम्हाला एसयूव्हीत चढताना त्यानं चार वेळा पाहिलं की तो स्वतःच दुसरी गाडी शोधायला लागेल. त्याची सुरक्षेची काळजीही रास्त आहे, ती एअरबॅगची संख्या, ईएसपी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) आणि क्रॅश टेस्टचे तारे पाहून भागवता येते. छोट्या गाड्यांतही ते मिळतं.

बाकीचे पर्यायही मी उडवून लावणार नाही. ड्रायव्हर ठेवण्यात कमीपणा काहीच नाही. लांबच्या प्रवासाला, आजारपणात, मुसळधार पावसात तो सोयीचाच. पण तो सुट्टीवर गेला की तुम्ही पुन्हा घरी, आणि तुमचं पत्र वाचून मला वाटतं तुम्हाला नेमकं हेच नको आहे. हँड कंट्रोलची गाडी दोघंही चालवू शकता, तेव्हा हा आत्ताच कायमचा निकाल लावण्याचा प्रश्न नाही. मेट्रो 7 तुमच्या जवळून जाते, आकुर्ली किंवा पोयसरपासून गुंदवलीपर्यंत. स्थानकांवर लिफ्ट आहेत, डब्यात खुर्चीसाठी जागा आहे. अडतं ते स्थानकापासून ऑफिसपर्यंतच्या फुटपाथवर. ते अंतर एकदा कुणाबरोबर जाऊन पाहा, कारण गाडी सर्व्हिसिंगला गेली त्या दिवशी हाच मार्ग कामी येईल. स्कूटरला चाकं लावण्याचा काकांचा सल्ला ज्यांना थोडं उभं राहता येतं, बसल्यावर कमरेचा तोल सांभाळता येतो, त्यांच्यासाठी चांगला आहे. तुमची कमरेखालची स्थिती, खुर्ची न्यायची अडचण आणि मुंबईचे चार महिने पाऊस पाहता मी तुम्हाला तो देणार नाही.

सवलतीचं गणित बदललं आहे, आणि शोरूमवाल्यानं ते सांगायला हवं होतं. पूर्वी 40 टक्के किंवा त्याहून जास्त अस्थिव्यंग असलेल्या व्यक्तीला अवजड उद्योग मंत्रालयाच्या दाखल्यावर छोटी गाडी 18 टक्के जीएसटीत मिळायची, इतरांना 28 टक्के आणि वर उपकर. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना सगळ्यांसाठीच 18 टक्के झाले. म्हणजे ती सवलत बसावी म्हणून गाडी निवडण्याचं कारण उरलं नाही. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे. अपंगांच्या वाहनांना बसवायच्या किटचा दर 2021 मध्ये 5 टक्क्यांवर आणला गेला, किटच्या बिलावर तो तसाच लावला आहे ना ते पाहा. तुम्ही विमा कंपनीतच आहात, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल, पण इतर वाचकांसाठी लिहिते: किट बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर आयएमटी 12 या कलमाची नोंद मागा. अपंगांसाठी बदल केलेल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात तिच्यामुळे सूट मिळते. न कळवलेला बदल दावा करायच्या वेळी आडवा येतो.

कागदपत्रांचा क्रम चुकला की महिने जातात. पहिलं यूडीआयडी. मग वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन शिकाऊ लायसन्स, वाहनाचा वर्ग 'अडॅप्टेड व्हेइकल'. जुन्या कागदांवर याला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हटलेलं दिसेल. तुमचं काम बोरीवली आरटीओत येईल. शिकाऊ लायसन्सला 30 दिवस झाल्यावर पक्की परीक्षा देता येते आणि ते सहा महिने चालतं. परीक्षा तुमच्या किट बसवलेल्या गाडीवरच होते, म्हणून सहा महिन्यांत गाडी हातात येईल असा अंदाज बांधूनच अर्ज करा. गाडी बुक करताना विक्रेत्याला लेखी सांगा की नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार 'दिव्यांगजन' असाच भरायचा. 2020 च्या दुरुस्तीनंतर अर्जात तो रकाना आहे. घाईत नेहमीसारखी नोंदणी झाली की दुरुस्त करायला फेऱ्या पडतात. रोड टॅक्सच्या माफीची चौकशीही नोंदणी होण्याआधीच करा. किट एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेलंच घ्या आणि त्याचं प्रमाणपत्र बिलाबरोबर मागून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मालकाला स्वतःच्या गाडीत असा बदल करून नंतर आरटीओची मंजुरी घेता येते, तो बदल आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढला पाहिजे. राष्ट्रीय महामार्गांवर अपंगांसाठी खास बनवलेल्या वाहनांना टोलमाफी आहे आणि त्यासाठी वेगळा फास्टॅग मिळतो, पण तोही आरसीवरच्या नोंदीवरच मिळतो.

नवी गाडीच घ्यायची का, हाही विचार करा. चांगल्या स्थितीतली जुनी ऑटोमॅटिक घेऊन त्यावर दोन वर्षं शिकलात, तर खुर्ची कोणती शोभते, कोणत्या बाजूनं चढणं सोपं जातं, हे सगळं अनुभवानं कळेल. पहिले ओरखडेही जुन्या गाडीवर जातील. नव्या गाडीचं बजेट तुमच्या डोळ्यांसमोर असेल तर मी आग्रह करणार नाही, पण खुर्ची आणि गाडी दोन्ही एकदम परवडत नसतील तर मी नवी खुर्ची आणि जुनी गाडी घेईन.

काही गोष्टी कुणी शोरूममध्ये सांगत नाही. निघण्याआधी दोन्ही पाय कुठं आहेत ते डोळ्यांनी पाहा, पाऊल पेडलच्या मागे अडकलेलं कळत नाही. चालवताना बूट घाला. उन्हात उभ्या गाडीत बेल्टचं बक्कल आणि सीट तापलेली असते, संवेदना नसलेल्या कातडीला भाजलं तरी समजत नाही, म्हणून हात लावून मगच बसा. एसीचा किंवा हीटरचा झोत पायांवर ठेवू नका. गाडीच्या सीटवर तासभर बसून बेडसोर होऊ शकतो. कुशन वापरायचं की नाही हे तुमच्या फिजिओला विचारून ठरवा, कारण कुशननं उंचीचं सगळं गणित बदलतं. मोबाइल अंगावर ठेवा, मागच्या सीटवरच्या पर्समध्ये नाही. पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या पाणी साचणाऱ्या जागी 'पुढचा गेला तर मीही जाईन' हा विचार तुमच्यासाठी नाही. गाडी बंद पडली तर बाकीचे उतरून चालत जातील. पाणी दिसलं की वळा, थांबा, ऑफिसला उशीर होऊ द्या. काच फोडायची छोटी हातोडी दाराच्या कप्प्यात, हाताला लागेल अशी असू द्या.

तर पुढच्या दोन आठवड्यांत एवढं करा. हलकी खुर्ची कुठं वापरून पाहता येईल ते शोधा. स्पायनल इंज्युरीच्या लोकांसाठी काम करणाऱ्या नीना फाउंडेशन किंवा सायनच्या पॅराप्लेजिक फाउंडेशनकडे विचारा. हँड कंट्रोल लावून गाडी चालवणारी माणसं तिथं भेटतील, त्यांच्या गाडीत बसून पाहता आलं तर शोरूमपेक्षा जास्त शिकाल. सोसायटीला जागेचा अर्ज द्या. मग कामाच्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना शोरूममध्ये जा, तुमची खुर्ची घेऊन. विक्रेत्याला सांगा की गाडी हॉलच्या मधोमध नको, बाहेर दोन गाड्यांच्या मधे लावा. तिथं चढून, खुर्ची आत घेऊन, पुन्हा उतरून दाखवता आलं, तर बुकिंगचा विचार करा.

तुमच्या खुर्चीची उंची, रुंदी आणि वजन मला कळवा, सोबत पार्किंगच्या जागेचा एक फोटो पाठवा. वॅगनआर, पंच, टियागो यांतली तुम्हाला कोणती जुळते ते आपण मिळून पाहू. ज्या वाचकांकडे या गाड्या हँड कंट्रोलसह आहेत, त्यांनीही सीटची उंची आणि खुर्ची कुठं ठेवतात ते लिहून पाठवावं. पुढच्या सदरात मी ती मापं देईन.